याकूबभाई, गाडी चालवू ना?

लग्नात पंगतीला बसलो असताना, इफ्तारला खजूर हातात असताना, मंडळाच्या गणपतीत आरतीची थाळी माझ्यापर्यंत येईस्तोवर, आणि एकदा तर मय्यतीच्या घरी, लोक मला मोबाइल दाखवतात. "याकूबभाई, एवढंसंच लागलंय हो. गाडी चालवू ना?" फोटोत बंपर असतो, बंपरवर ओरखडा असतो आणि फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली असते. डॉक्टरला जीभ दाखवण्याआधी लोक निदान चहा विचारतात. मला तेवढंही नाही.

आमच्या मंडळाच्या संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणून मागे लागायला सुरुवात केली तेव्हा मी म्हणालो, "बाई, माझं अक्षर जॉब कार्डापुरतं आहे." त्या म्हणाल्या, "लोकांना गाडीचं समजावून सांगता ना, तसंच लिहा." म्हणजे इथेही चहा नाहीच.

मी मंडणगडकडचा. शाळा मराठी, आयटीआय रत्नागिरीची, आणि त्यानंतरची तीस वर्षं कतारमध्ये, दोह्यात. इंडस्ट्रियल एरियाला आम्ही सगळे सनैया म्हणतो. त्या सनैयातल्या एका गॅरेजात मी डेंटर म्हणून लागलो, पत्रा ठोकून सरळ करता करता केस पांढरे झाले, आणि आता पाठीमुळे हातात हातोडीऐवजी टॉर्च आली. ठोकलेली गाडी येते, मी तिच्या खाली शिरतो, वर येतो आणि सांगतो, ही चालवायची की नाही. माझं काम एवढंच.

पण हे 'एवढंच' लोकांना पटत नाही, कारण त्यांचा सगळा विश्वास बंपरवर. आता बंपर म्हणजे काय ते सांगतो. बंपर म्हणजे मुखवटा. पातळ प्लास्टिक असतं. दाबलं की आत जातं, सोडलं की बाहेर येतं, आणि मालकाला वाटतं काही झालंच नाही. त्याच्या मागे थर्माकोलसारखा ठोकळा असतो, त्यामागे लोखंडी पट्टी, त्यामागे एसीची जाळी आणि रेडिएटर. मुखवटा हसत असला तरी आत दात पडलेले असू शकतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. ही म्हण बहुधा कुठल्या तरी मिस्त्रीनेच काढली असावी.

म्हणून मी फोटोला उत्तर देत नाही, उलटे प्रश्न विचारतो. गाडीखाली काही गळतंय का? बॉनेट नीट बसतंय का? चाक कुठे घासतंय का? स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी सरळ जाते का? समोर नवीन दिवा लागलाय का? वास कसला येतोय? यातल्या एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, आणि सावलीत जाऊन उभे राहा.

हा कडकपणा मी जन्मतः घेऊन आलेलो नाही. या टॉर्चच्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक लेबनीज गृहस्थ आले होते, फार घाईत. पुढून हलकासा धक्का बसलेला. बॉनेट उघडलं, बंद केलं, टक्क आवाज आला. मी म्हणालो, "यल्ला, जा." कुलुपाचा खटका अर्धाच बसला होता हे मी वाकून बघितलं नाही. वाऱ्याने हायवेवर बॉनेट उघडलं आणि काचेवर आदळलं. माणूस नशिबाने वाचला, गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. मला वाटलं मारणार. त्याने फक्त माझी टॉर्च उचलली, माझ्या हातात दिली आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी आतापर्यंत विसरलो असतो.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. ठोकलेल्या गाडीखाली मी कोरा पांढरा पुठ्ठा पसरतो. इंजिन आणि एसी चालू करून गाडी चांगली तापू देतो, मग तिला त्या पुठ्ठ्यावर जुहरच्या नमाजपासून असरपर्यंत उभी ठेवतो. दुपारच्या दोन नमाजांच्या मधले तीनेक तास. मालक कितीही मोठा असो, त्याच्यामागे कितीही घाई असो. नितळ पाण्याचे थेंब पडले तर एसीचं पाणी, त्याला घाबरायचं नाही, इथे प्रत्येक गाडी तेवढी घाम गाळतेच. पण रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं काही पडलं तर खलास, गाडी हलवायची नाही. ते इंजिन थंड ठेवणारं पाणी असतं, आणि इथल्या उन्हात ते संपलं की इंजिन वीस मिनिटांत जीव सोडतं. गॅरेजातली तरुण पोरं कंप्युटर लावतात आणि माझ्या पुठ्ठ्याला हसतात. हसू देत. पुठ्ठ्याला अपडेट लागत नाही.

एवढी तयारी असून मी कसा आपटलो, ते आता सांगतो. जाधव नवराबायकोची परवानगी घेतली आहे. नावं बदलू का विचारलं, तर प्राजक्ताताई म्हणाल्या, "अजिबात नको." मंदारसाहेबांना बहुधा विचारलंच गेलं नाही.

हे जाधव नाशिकचे, राहतात अल वक्रात. मंदारसाहेब उत्तरेकडे गॅसच्या प्लान्टवर इंजिनीअर, पहाटे कंपनीच्या बसने जातात. प्राजक्ताताई फिजिओथेरपिस्ट. लग्नानंतर इथे आल्या, दोन मुलं झाली, आणि डिग्री कपाटात गेली. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, इथलं लायसन्स मिळवलं, आणि एका कंपनीने त्यांना घरोघर जाऊन म्हाताऱ्या पेशंटना व्यायाम देण्याची नोकरी देऊ केली. दिवसाला पाच घरं. अट एकच, गाडी स्वतःची आणि चालवायची स्वतः. एक घर पार उत्तरेला लुसैलला, एक दक्षिणेला थुमामाला, मधली तीन अशा गल्ल्यांत की मेट्रोला त्यांचा पत्ताही माहीत नाही.

म्हणून त्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसल्या. दोह्यात राहणाऱ्याला ही परीक्षा काय चीज आहे ते सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजावं की इथे कोण कितव्यांदा पास झालं हे लोक मुलाच्या दहावीच्या मार्कांसारखं लक्षात ठेवतात. प्राजक्ताताई पाच वेळा नापास झाल्या. दोनदा पार्किंगमध्ये, तीनदा रस्त्यावर. नाशिकला सासूबाईंनी नवस बोलला. सहाव्यांदा पास झाल्या तेव्हा मंडळात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. नवीन जपानी गाडी आली. दसऱ्याला बिल्डिंगच्या तळघरात तिची पूजा झाली, झेंडूची माळ पडली, नारळ फुटला.

नोकरी रविवारी सुरू होणार होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी थुमामाच्या एका राउंडअबाउटवर ताईंची गाडी पुढच्या पिकअपला जाऊन टेकली.

पुढचा निघाला असं वाटून त्या निघाल्या, आणि तो निघालाच नाही. चूक साधी, रोज होते. पिकअपचा ड्रायव्हर पठाण होता. त्याने उतरून बघितलं, "कोई बात नहीं बहन" म्हणाला आणि स्वतःची पाण्याची बाटली दिली. पोलिसांच्या ॲपवर फोटो गेले, कागद मिळाला. इथे त्या कागदाशिवाय कुठलंही गॅरेज ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही. मग ताईंनी मला फोन केला.

"याकूबभाई, काहीच नाही झालं. नंबर प्लेटखाली बोट जाईल एवढं भोक आहे फक्त. चालवू ना?"

"पिकअपच्या मागे काय होतं? ओढायचा हुक?"

"हो, तोच लागला."

"मग नाही चालवायची. सपाट ठोकर पसरते ताई, हुक सुईसारखा आत जातो. दिवा लागलाय का समोर?"

"लागलाय, पण तो तर..."

"लागलाय ना? खलास. मी गाडी उचलायला ट्रक पाठवतो."

त्या 'पण तो तर'च्या पुढे काय होतं ते मी ऐकलंच नाही. तीस वर्षं लोकांना सांगत आलोय, गाडी बोलते, नीट ऐका. आणि बाई बोलत होती तर मी फोन ठेवला.

ट्रक वाटेत असताना मंदारसाहेबांचा प्लान्टवरून फोन आला. आवाज दबका.

"याकूबभाई, एक काम होतं. गाडीचं काय असेल ते असो, तुम्ही तिला सांगा, चॅसिस वाकलंय. चालवण्यासारखी राहिली नाही. तुमचं ती ऐकते."

"चॅसिस वाकलं नसेल तर?"

"अहो, आज हुक होता, उद्या ट्रेलर असेल! पाच घरं रोज, लुसैलपर्यंत! मी तिकडे प्लान्टवर, माझा जीव इथे टांगलेला. नोकरी काय, इथल्या मुलांची शिकवणी घेईल ती घरी. तुम्ही फक्त एवढं बोला, बाकी मी बघतो."

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. मी म्हणालो, "बघतो." आमच्या धंद्यात 'बघतो' या शब्दाचा अर्थ समोरच्याला हवा तो होतो, आणि मला ते ठाऊक होतं.

ताई ट्रकच्या केबिनमधून उतरल्या, चेहरा उतरलेला, पर्स छातीशी धरलेली. मी गाडी तापवली, पुठ्ठ्यावर घेतली. नमाज पढून आलो. त्या ऑफिसात बसून होत्या. इथला दाट, गोड करक चहा मागवला, आधी नको म्हणाल्या, मग दोन घेतले. पाच वेळा नापास झाल्याचं सगळं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, हसत हसत. परीक्षक बाईने चौथ्यांदा त्यांना ओळखून मुलांची चौकशी केली होती म्हणे. रविवारचा पहिला पेशंट थुमामातला, पडून पाय मोडलेले एक आजोबा. "त्यांना चालायला शिकवायचंय," म्हणाल्या.

असरनंतर मी पुठ्ठा ओढला. मध्यावर पापडाएवढा हिरवट डाग होता. बोट लावलं, बुळबुळीत. रेडिएटरच्या खालच्या टोकाला केसाएवढी चीर गेली होती, गाडी थंड असताना मिटायची, तापली की उघडायची. त्या घरी गेल्या असत्या तर वक्राच्या रस्त्यावर गाडीने वाफ सोडली असती. मला, खरं सांगतो, आनंद झाला. पुठ्ठा जिंकला होता.

"म्हणजे चालवायची नाही," ताई म्हणाल्या.

"नाही चालवायची," मी म्हणालो आणि थांबलो.

मला खोटं बोलायची गरजच नव्हती. फक्त तिथेच थांबलो असतो तरी पुरे होतं. सुंठीवाचून खोकला गेला असता. मंदारसाहेब खूश, माझ्यावर आळ नाही. ताईंनी पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. "राहू दे मग," म्हणाल्या. "मंदारला सांगा, विकायची असेल तर विकू दे. माझ्या हाताला हे जमायचं नाही."

अशी आवाज न करता घेतलेली माघार मी आधी पाहिली होती, माझ्याच घरात.

माझी बायको झुलेखा. तिच्या वडिलांचा गावाकडे आंब्याच्या पेट्या नेणारा टेम्पो होता, आणि लग्नाआधी ही अंगणात तो मागे-पुढे करायची, फणसाच्या झाडाला न लावता. दोह्यात आल्यावर एकदा म्हणाली, मला इथली गाडी शिकायचीय. मी तिला नाही म्हटलं नाही. मी तिला गॅरेजात आणली आणि चेपलेल्या तीन गाड्या दाखवल्या. एकीच्या सीटवर लहान मुलाची चप्पल होती. "बघ," म्हणालो, "हे असं होतं." तिने बघितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, मी तिला वाचवलं. तिला बाजारात, दवाखान्यात, मैत्रिणीकडे जायला वीस वर्षं माझी वाट बघायला लावली, हे कळायला मला फार वेळ लागला. मिस्त्रीच असं करू शकतो. दुसऱ्या कुणा नवऱ्याकडे दाखवायला तीन गाड्या कुठून असणार?

मी किल्ली उचलून परत ताईंच्या पुढे ठेवली.

"ताई, माझं वाक्य अर्धं राहिलं. आज चालवायची नाही. उद्या शुक्रवार, सुट्टी. शनिवारी सकाळी नवीन रेडिएटर बसेल, संध्याकाळी गाडी तुमची. रविवारी आजोबांकडे तुम्ही जायचं. चॅसिसला काही झालेलं नाही, मी स्वतः मापं घेतली आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाडी बरी होईल हो, याकूबभाई. पण मी?"

माणसाखाली घालायचा पुठ्ठा अजून निघालेला नाही.

घरी जाऊन झुलेखाला सगळं सांगितलं, मंदारसाहेबांच्या फोनसकट. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "लोकांच्या गाड्या नीट करता नि बायकांना भ्या घालता. भारी मिस्त्री हाव तुमी!" मग थोड्या वेळाने, "त्या पोरीला शनिवारी तुमीच बाजूला बसून चालवायला लावा. नायतर जेवण नाय." ती हे हसून म्हणाली, पण सुरी हातात होती.

शनिवारी रेडिएटर बसला. पुठ्ठा कोरा. बॉनेटचा खटका मी वाकून, टॉर्च मारून तीनदा बघितला. तरी समोरचा दिवा जाईना. ही नवीन गाडी पुढे बघते. पुढच्या लोगोच्या मागे तिचा एक डोळा असतो, समोर काही आलं आणि माणूस गाफील असला तर ती आधी ओरडते आणि मग स्वतःच ब्रेक मारते. दिवा सांगत होता, त्या डोळ्याला दिसत नाहीये. मला वाटलं, हुकाच्या धक्क्याने डोळा तिरका झाला. बंपर उतरवला, डोळा सरळ. कंप्युटर लावला, डोळा निरोगी. वायर तपासली, वायर ठीक. बंपर परत चढवला, दिवा आहेच. दीड तास गेला. ज्या पोरांनी पुठ्ठ्याला हसायचं ती आता चहा पीत माझ्याकडे बघत होती.

घाम पुसायला गाडीपुढे मांडी घालून बसलो, तेव्हा लोगोच्या मध्यभागी बसलेले गणपतीबाप्पा माझ्याकडे बघत होते. पितळेचे, अंगठ्याएवढे, जाड चिकटपट्टीने लावलेले. दसऱ्याच्या पूजेत मंदारसाहेबांनी नाशिकहून आणलेले बाप्पा गाडीच्या अगदी कपाळावर, मधोमध बसवले होते. आणि कपाळामागे डोळा होता. प्लास्टिकमधून त्याला दिसतं, पितळेतून दिसत नाही. बाप्पाचा यात काय दोष? जिथे बसवलं तिथे ते बसले. तीन दिवस त्यांच्यासमोरून ये-जा करून ज्याला ते दिसले नाहीत, तो डोळा माझा.

मग मला फोनवरचं ते 'पण तो तर' आठवलं.

हात साबणाने धुतले. मासे पकडायचा बारीक दोरा घेतला, तो मूर्ती आणि लोगोच्या मधून अलगद फिरवला. बाप्पा मोकळे झाले, ओरखडा नाही. नव्या पिवळ्या फडक्यावर ठेवले. गाडी आवारात दोन चकरा फिरवली आणि दिवा विझला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी अशी मान डोलावली की जणू हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

संध्याकाळी दोघं आले. मी ताईंना विचारलं, "हा दिवा कधीपासून लागत होता?"

"दसऱ्यापासून," त्या म्हणाल्या. "तेच सांगत होते मी तुम्हाला. मंदारलाही रोज विचारत होते. तो म्हणाला, नवीन गाडी आहे, लाडात येते, लक्ष देऊ नकोस."

मी फडकं उघडून मंदारसाहेबांपुढे धरलं आणि डोळ्याचं सगळं समजावून सांगितलं. ते इंजिनीअर. माझं वाक्य संपायच्या आधी त्यांना कळलं.

"म्हणजे परवा गाडीने स्वतः ब्रेक..."

"मारला असता कदाचित. कदाचित नसताही. मी पैज लावणार नाही. पण दिवा सांगत होता, आणि ताई विचारत होत्या."

मंदारसाहेबांनी फडकं माझ्या हातातून स्वतःकडे घेतलं. मला वाटलं, आता ताई त्यांना फाडून खाणार. ताईंनी एकदा बाप्पाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि त्यांना हसू फुटलं. असं हसू की शेवटी त्यांना टायरांच्या ढिगावर बसावं लागलं. "अरे, तू गाडीचा डोळा झाकलास," त्या म्हणत होत्या, "आणि मला म्हणालास, तुला समोरचं दिसत नाही!" मंदारसाहेबही हसले, पण थोडं उशिराने, आणि मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "चुकलं माझं," म्हणाले. त्यांच्या गुरुवारच्या फोनबद्दल मी बोललो नाही. ते नंतर त्यांनीच ताईंना सांगितलं, म्हणून तर लिहितोय.

मग ताई उठल्या आणि सवयीने शेजारच्या सीटच्या दाराकडे गेल्या. मी आडवा आलो.

"रस्त्यावर चाचणी बाकी आहे. आमच्या गॅरेजचा नियम आहे, गाडी ज्याची, चाचणी त्यानेच द्यायची."

असा कुठलाही नियम आमच्या गॅरेजात नाही. खोटं बोलायचंच तर निदान बऱ्या बाजूने बोलावं.

त्या बसल्या, मी शेजारी, मंदारसाहेब मागे, मांडीवर पिवळं फडकं धरून. सनैयातून बाहेर पडेपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीने चालली. मी थुमामाचाच रस्ता सांगितला, तोच राउंडअबाउट. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. चौकाच्या तोंडाशी थांबलो. पुढे पिकअपच होता, इथे दुसरं काय असणार! तो गेला. गाड्या गरागरा फिरत होत्या. मागून हॉर्न.

"जा, जा, मोकळं आहे!" मंदारसाहेब मागून.

"मोकळं नाहीये," ताई म्हणाल्या. "झालं की जाईन."

आणखी एक हॉर्न. त्या हलल्या नाहीत. एक पांढरी गाडी गेली, एक बस गेली, आणि मग ताईंनी मान पुन्हा डावीकडे वळवून बघितलं आणि गाडी आत घातली. त्याच क्षणी माझा उजवा पाय पायपुसण्यात जोरात रुतला. तीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसून ब्रेक तपासतोय, पाय कुणाचं ऐकत नाही.

ताईंनी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "याकूबभाई, ब्रेक इकडे आहे."

आम्ही पूर्ण वळसा घालून बाहेर पडायच्या फाट्याशी आलो. मी हाताने खूण केली. त्या बाहेर पडल्याच नाहीत. "अजून एक मारते," म्हणाल्या. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीला त्या गुणगुणत होत्या आणि मागे मंदारसाहेबांना गरगरत होतं. "प्राजू, आता घरी चल," ते म्हणाले, "मला चालत ये म्हणालीस तरी चालेल." त्या रात्री मी जेवलो, हे सांगायला नकोच.

रविवारी सकाळी साडेदहाला मी एका ठोकून डबा झालेल्या गाडीच्या खाली होतो. फोन वाजला. मंदारसाहेब, प्लान्टवरून. तोच दबका आवाज.

"याकूबभाई, ती फोन उचलत नाहीये."

"किती वेळा केलात?"

"तीन वेळा. आजोबांकडून दहाला निघाली असेल. दुसरं घर लुसैलला. तीन वेळा केला हो, तिन्ही वेळा नुसती रिंग!"

"मग तिन्ही वेळा गाडी चालवत असेल. चालवताना फोन घ्यायचा नसतो, मंदारसाहेब. उचलला असता तर मी घाबरलो असतो."

पलीकडे प्लान्टची घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "मग आता मी काय करू?"

"तुमचं काम करा," मी म्हणालो. "ती तिचं करतेय."